थीलचे डोळे

कोलोनजवळच्या फ्रेखेन गावच्या नीसगेन कुंभारणीचा लेक थील सुरया भरलेल्या जहाजाबरोबर इंग्लंडला निघाला आणि वाटेतच बुडाला. प्रेतही हाती लागलं नाही. तेव्हापासून ती प्रत्येक सुरईच्या गळ्यावर त्याचाच दाढीवाला चेहरा साच्याने उमटवायची आणि सुरयांना झिलई चढावी म्हणून भट्टीत मीठ टाकताना त्याच्याशी बोलायची.

यंदा कोलोनचा व्यापारी भलताच खुशीत आला. "काकू, लंडनात तुमच्या सुरया हातोहात खपतात! चेटूक लागू नये म्हणून लोक त्यांत खिळे भरतात आणि चुलीखाली पुरतात."

"पुरतात? असा, उघड्या डोळ्यांनी?"

"अहो, सुरईच ती!" तो हसत निघून गेला.


नीसगेनने साचा मांडीवर घेतला आणि कोरणीने लेकाचे डोळे मिटले.