शास्त्रीबुवांचे दुसरे स्नान

इंटरच्या वर्गाला मराठी शिकविणारे आठल्येशास्त्री जैनुद्दीनचा प्रत्येक निबंध 'निर्जीव' असा शेरा मारून परत करीत. चांदणे झाले, कमळे झाली, हिमालयही झाला. शेरा ढळला नाही. हा अखेरचा निबंध पसंतीस उतरला नाही, तर परीक्षेला बसता येणार नव्हते आणि वडील त्याला मचव्यावर खलाशी म्हणून धाडणार होते. निरुपायाने त्याने मिरकरवाड्याच्या बंदरावरील मासळीच्या लिलावाचे वर्णन लिहून दिले.

रविवारी सकाळी तो भीतभीत शास्त्रीबुवांच्या अंगणात आला. काकू विहिरीचे पाणी शेंदीत होत्या.

"काकू, सर आहेत काय?"

"आहेत हो. पूजेआधी तुझा निबंध वाचायला घेतला. सोवळ्यात होते, म्हणून पाटावर ठेवून दुरून वाचत होते. पाने मी उलटत होते. तरी अर्ध्यावर उठले नि पुन्हा आंघोळीला गेले!"

जैनुद्दीनचा चेहरा उतरला. "संपलं, काकू. आता मचवाच माझ्या नशिबी."

तोच शास्त्रीबुवा ओलेत्याने बाहेर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "जैनुद्दीन, आजवर तुझे लेखन मी नुसते वाचले. आज सुरमईचे पाणी माझ्या सोवळ्यावर उडाले. थांब, उरलेला अर्धा भाग वाचून गुण देतो."

काकूंनी कळशी खाली आदळली. "द्यायचे ते गुण आत्ताच द्या. पुढे वाचणार असाल, तर पाणी तुमचे तुम्ही शेंदा!"