खिळ्यांचे टायर

उत्तरेकडच्या कुसामो गावात बर्फ पडून आठवडा उलटला, तरी हिल्काच्या अंगणातली गाडी उन्हाळी टायरांवरच उभी होती; बर्फावर घसरू नये म्हणून बसवायचे खिळे ठोकलेले टायर शेडमध्येच पडून होते. तिचा नवरा ओइवा सकाळपासून कोट चढवून या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होता. "खिळ्यांचे टायर बसवले का?" तो पुन्हा पुन्हा विचारी. "गॅरेजवाल्याला सवडच नाही," हिल्का पुन्हा पुन्हा सांगे.

दुपारी मुलगा यार्मो आला आणि गाडी बघून हसायलाच लागला. "आई, एवढी आळशी कधीपासून झालीस गं? बाबा तर पहिल्या बर्फाआधीच टायर बदलून मोकळे व्हायचे." त्याने शेडमधून टायर काढले आणि जॅक लावला. हिल्काने धावत येऊन त्याचा हात धरला.

"राहू दे रे. बाबांचं लायसन काढून घेतलंय, हे त्यांच्या ध्यानातच राहत नाही. किल्ली कुठेही लपवा, शोधून काढतात. काल मलाच विचारलं, तुम्ही कोण म्हणून. पण खिळ्यांशिवाय बर्फात गाडी काढायची नाही, एवढं मात्र अजून पक्कं आहे."

तेवढ्यात ओइवा टोपी घालून दारात आला. "झालं का रे?"

यार्मोने टायर बाजूला सारला. मग जॅक सोडवत म्हणाला, "नाही बाबा. खिळे पार झिजलेत. नवे मागवावे लागतील."

"मग राहू दे," हातमोजे उतरवत ओइवा म्हणाला. "शेजारी माझी हिल्का बसलेली असते."