चौथी कांडी

सून जिंकली. पण हे त्या सकाळी कोणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा असं काही घडलंच नाही असं धरून चालू.

"मीही येणार दवाखान्यात," सासूबाई म्हणाल्या.

सून क्रेन चालवायची; या क्रेनवालीच्या हातातला घास हातातच राहिला. तिने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"आई, तुम्ही कशाला दगदग करता? थोडक्यातलं काम आहे."

"कामाचं स्वरूप मला कळलं पाहिजे." सासूबाई हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांची भाषा अजून निवृत्त व्हायची होती.

कामाचं स्वरूप असं, की क्रेनवालीच्या डाव्या दंडात कातडीखाली आगकाडीएवढी कांडी होती. मूल राहू न देणारी. एक बसवली की तीन वर्षं बघायला नको. लेक चालायला लागली तेव्हा पहिली बसवली, मग दुसरी, मग तिसरी. आता तिचीही मुदत भरत आली होती. सुरुवातीला पाळीने वेड्यासारखं केलं, वाटेल तेव्हा यायची. मग कमी होत होत थांबलीच. डॉक्टर म्हणाल्या, यात काळजीचं काही नाही. काळजी कसली! टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये एकदा चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरता येत नाही, आणि वर संडास नाही. ज्याला हे सुख कळत नसेल त्याने एकदा ती शिडी चढून बघावी.

त्यात आता शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीची क्रेन तिला मिळायची होती. मुख्य ऑपरेटर म्हणून. काम तीन वर्षांचं, कांडीही तीन वर्षांची. सगळं कसं छान जुळत होतं. मध्ये फक्त सासूबाई होत्या.

इतक्या वर्षांत "दुसरं कधी?" असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्या फक्त सांगायच्या, "मी पाच बाळंतपणं काढली आणि नोकरीही केली. बढतीची यादी लागायची तेव्हा मी नेमकी रजेवर." क्रेनवालीच्या मते हे विचारण्यापेक्षा वाईट होतं.

दवाखान्यात सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना समोर बसवून घेतलं. खुर्ची डॉक्टरांचीच होती, तरीही.

"ही काढता येते?"

"कधीही."

"काढली की मूल?"

"लगेचसुद्धा राहू शकतं."

"बसवायला नवऱ्याची सही?"

"लागत नाही."

"सासूची?"

"ती तर अजिबातच नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"हं," सासूबाई म्हणाल्या. कचेरीत या "हं"ने माणसं मंजूर झालेल्या रजा परत करायची.

 क्रेनवालीने केबिनमध्ये बसून चांगलं लांबलचक भाषण तयार केलं होतं. तिथे वर मध्येच तोंड घालायला कोणी नसतं, त्यामुळे ते फार छान व्हायचं. इथे एवढंच बाहेर पडलं: "आई, जुनी काढून मी नवी बसवणारच. मला ही कांडी आवडते. तुमच्या मुलाइतकी आवडते. कधीकधी जास्तच."

सिस्टरच्या हातातला कापूस खाली पडला.

"बोलून झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"मग डॉक्टर, तुम्ही कसली वाट बघताय? तिला कामावर जायचंय."

दंड बधिर झाला. बारीकशा छेदातून जुनी बाहेर आली, त्याच जागी नवी गेली. क्रेनवालीने बोट लावून बघितलं. होती. घट्ट, शहाण्यासारखी.

"या हाताने दोन दिवस जड उचलू नका," पट्टी बांधत डॉक्टर म्हणाल्या.

"मी कुठे उचलते? क्रेन उचलते!" क्रेनवालीला हसू आवरेना. तिला वाटलं, आत्ता म्हणाल तर क्रेनसुद्धा उचलून दाखवते. ती टेबलावरून उतरली आणि छाती काढून दारापर्यंत गेली. मागे पावलं वाजेनात, म्हणून वळली.

"आई, चला ना."

सासूबाई तिने रिकाम्या केलेल्या टेबलावर चढून बसल्या होत्या. बाही खांद्यापर्यंत वर सरकवलेली. दंड सत्तरीचा, सुरकुतलेला, डॉक्टरांपुढे धरलेला.

"अहो आजी," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "तुम्हाला आता याची काय गरज?"

सासूबाईंनी घसा साफ केला.

"विनंती करण्यात येते की, अशीच एक कांडी माझ्याही दंडात बसवण्यात यावी आणि ती माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या दिनांकापासून, पूर्वलक्षी प्रभावाने, लागू झाली असे समजण्यात यावे, मात्र चौथे अपत्य सध्या सूनबाईंच्या वापरात असल्याने त्यास यातून वगळण्यात यावे."