धक्क्यावरचा माणूस

बारा हजार हिरव्या ओळींत एकच ओळ लाल होती, आणि तिच्यावर बोट ठेवून तो अकरा दिवस अडून बसला होता.

"काका, सोडून द्या ना आता," पडद्यावरून सहकारी म्हणाली. ती दुसऱ्या शहरात राहायची. सात वर्षं दोघं एकत्र काम करत होते, पण समोरासमोर कधी भेटले नव्हते.

कॉम्प्युटरची ही भाषा त्यानं सतरा वर्षांपूर्वी लिहायला घेतली आणि सगळ्यांसाठी खुली, फुकट ठेवली. बघता बघता देशोदेशीची माणसं तिच्यात प्रोग्रॅम लिहू लागली. नवी आवृत्ती काढण्याआधी एक रीत ठरलेली होती: लोकांनी जाहीर ठेवलेला प्रत्येक प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालवून पाहायचा. चालला तर हिरवा, अडला तर लाल. तीन वर्षं खपून दोघांनी भाषेतला जुना गुंता उपसला होता. आज, रविवारी सकाळी अकराला आवृत्ती निघणार होती. तिच्याबरोबरच भाषेच्या चाव्या, म्हणजे शेवटचा शब्द कुणाचा तो हक्क, त्याच्याकडून तिच्याकडे जाणार होत्या. हे त्यानंच जाहीर केलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा तारीख पुढे ढकलली, तीही त्यानंच.

"एकच का असेना, माणूस आहे," तो म्हणाला. "भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा प्रोग्रॅम आहे. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी तो आपल्या सर्व्हरवरून उतरवून घेतंय. एक दिवस खाडा नाही."

"पण चूक त्या प्रोग्रॅमचीच आहे. शेवटचा कंसच बंद केलेला नाही. जुनी भाषा ते चालवून घ्यायची."

"चालवून घ्यायची, कारण मी तसं लिहिलं होतं. सव्विसाव्या वर्षी. माझ्या आळसाची शिक्षा त्याला कशाला?"

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत येऊन बसला. मघापासून चौथ्यांदा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्यानं मेल केली होती, पण तो पत्ता केव्हाच बंद पडला होता. राहता राहिला वापरणारा. तो मात्र त्याला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसायचा: कुठल्याशा बंदराचा धक्का, पत्र्याची खोली, खाली पाणी, आणि हातात कप घेऊन भरतीची वेळ कधी दिसते याची वाट पाहणारा एक माणूस. अकरा दिवसांत त्या माणसावर त्याचा जीव जडला होता.

बायको बूट घालून दारात आली. जेवायला तिच्या भावाकडे जायचं होतं.

"आता घोडं कुठं पेंड खातंय?"

"एक माणूस आहे..."

"मागच्या वेळी एक शाळा होती. त्याच्या आधी कुठली तरी प्रयोगशाळा. नाचता येईना, अंगण वाकडं!" ती खुर्चीच्या कडेला टेकली. बूट काही काढले नाहीत.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. सतरा वर्षं डोळे उघडले की आधी भाषेच्या मेल, मग चूळ. उद्या उठून चूळ भरली की पुढे काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

"काका," सहकारी जरा चाचरत म्हणाली, "उतरवून घेणारा कोण, हे सर्व्हरच्या नोंदीत असेल ना? पाहिलंत का? मीच पाहिलं असतं, पण चाव्या तुमच्याकडे आहेत."

स्वल्पविराम चुकला म्हणून लोकांचं काम तीन-तीनदा परत पाठवणाऱ्या या माणसानं अकरा दिवसांत ती एक नोंद उघडली नव्हती.

त्यानं ती आता उघडली. रोजची एक ओळ, सहा दहाची, आणि प्रत्येक ओळीपुढे उतरवून घेणाऱ्या मशीनचं नाव: पहारेकरी.

त्यानं ते दोनदा वाचलं. नाव त्यानंच ठेवलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी एका आवृत्तीनं बऱ्याच लोकांचे प्रोग्रॅम मोडले, तेव्हा त्यानं झोपायच्या खोलीतल्या कपाटावर एक जुना कॉम्प्युटर ठेवून दिला होता. रोज सकाळी त्या मशीननं आपणहून वीस छोटे प्रोग्रॅम उतरवून घ्यायचे, चालवायचे आणि एखादा मोडला तर ओरडायचं. पुढे त्यातले एकोणीस बंद झाले. एक उरला. आणि हा माणूस ते सगळं विसरून गेला.

म्हणजे धक्का नव्हता, पत्र्याची खोली नव्हती. त्याचे कान तापले. लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्या कपवाल्या माणसाचं.

"सापडला का?" सहकारिणीनं विचारलं.

"सापडला."

"कोण आहे?"

"ओळखीचा निघाला."

बायकोनं मान वर केली. "मग विचार की त्यालाच. काय म्हणतो?"

"म्हणतो, अजून आठ दिवस द्या."

"खरंच अडचण असेल तर देऊ या, काका," सहकारी म्हणाली. "आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

"नको देऊस," तो म्हणाला. "आठ दिवसांनी तो पुन्हा आठ दिवस मागेल. मी ओळखतो त्याला."