पुढचं डावं

"आधी शुयिन्शी काढा, वहिनी! त्याशिवाय तोंड उघडणार नाही," टायरवाला बेकेत दुकानाच्या कंटेनरच्या दारातूनच ओरडला.

अकमरल गाडीला टेकून उभी होती. ओस्केमेन शहरावर सकाळपासून आभाळ उतरलं होतं आणि बर्फाची पहिली भुरभुर सुरू झाली होती. अशा दिवशी टायरवाल्यांकडे जत्रा लोटते. बेकेतनं मात्र तिला रांग मोडून आत घेतलं होतं. तिच्या नवऱ्याचा, ओराजचा, तो शाळेपासूनचा दोस्त.

चांगली बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हातानं ठेवायचं नसतं. तिनं हसत पर्समधून चॉकलेटची वडी काढून दिली.

"घ्या. कुणाला मुलगा झाला?"

"मुलगा कसला! नवरा परत आलाय. तुमचाच." त्यानं खिळ्यांच्या टायरचं एक चाक तिच्यासमोर आडवं टाकलं. "वाचा."

उन्हाळ्याच्या तोंडावर हिवाळी चाकं काढून बेकेतकडे ठेवली, तेव्हा त्यानं त्यांच्यावर गाडीचा नंबर कसाबसा खरडून ठेवला होता. आता तो पुसलेला होता. काळ्या रबरावर पांढऱ्या खडूनं लिहिलं होतं: ओराज. पुढचं डावं.

अक्षर ओराजचं होतं. उजवीकडे कललेलं, शेवटच्या अक्षराला गाठ मारल्यासारखी शेपूट.

पर्स हातातून कधी पडली ते तिला कळलंच नाही.

"कधी?" तिनं विचारलं.

"परवा. म्हणाला, तुझं अक्षर म्हणजे कोंबड्यांनी उकरलेला उकिरडा. ओलं फडकं घेऊन बसला आणि चारही चाकांवर स्वतः लिहून गेला."

"कसा... कसा होता?"

"असायचा तसाच." बेकेत जॅक लावायला खाली वाकला. "का? घरी नाही आला?"

ओराज मागच्या हिवाळ्यात सीमेपलीकडे नोव्होसिबिर्स्कला बांधकामावर गेला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याच हिवाळ्यात त्यानं बायकोचा जबडा मोडला, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. 'जिन्यावरून पडले,' असं तिनं सांगितलं होतं. थंडी पडली की जबडा अजून ठणकायचा.

घरी सासू होती, उलबोसिन. दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसायची. ओराजचे निरोप सूनच तिला सांगायची: बरा आहे, काम खूप आहे, पुढच्या महिन्यात बघतो म्हणालाय. म्हातारी ऐकून घ्यायची, चहात दूध ओतायची आणि कधी उलट प्रश्न करायची नाही. आज सकाळी तिनंच सुनेला उठवलं होतं. "बर्फ येतोय. चाकं बदलून आण, पोरी."

"आईंना सांगितलं का तुम्ही?" अकमरलनं विचारलं.

"छे. म्हटलं, पहिला मान तुमचा."

"नका सांगू. मी सांगते."

पूल ओलांडला की घर उजवीकडे. तिनं गाडी डावीकडे घातली.

शहराबाहेर टेकडीच्या कुशीत त्यांची एक लाकडी खोली होती. उन्हाळ्यात तिथं भाजी लावायचे. या उन्हाळ्यात वाफे तसेच पडून राहिले. रुसला की ओराज तिथंच जाऊन बसायचा. डांबरावर टायरचे खिळे कडकडत होते. मग कच्चा रस्ता लागला, बर्फ दाट झाला आणि आवाज बंद पडला. तिला आता फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

फाटकाला कुलूप होतं, गंजलेलं; जोर लावून किल्ली फिरवली तेव्हा उघडलं. अंगणात पावलं नव्हती. धुराड्यातून धूर नव्हता.

"ओराज?" तिनं हाक मारली. तिनं दार उघडून आत पाहिलं. अंथरुणाची वळकटी तशीच होती, चुलीत राख नव्हती.

ती मागच्या बाजूला गेली. तिथं बटाटे साठवायचं तळघर होतं आणि त्याच्या लोखंडी झाकणावर झिजक्या टायरांचा ढीग. तिनं एकेक टायर ओढून बाजूला टाकला. हातमोजे फाटले तरी थांबली नाही. झाकण उचललं, फोनचा दिवा लावला आणि आत वाकली.

होता. जुन्या सतरंजीत गुंडाळलेला, भिंतीकडे तोंड करून. तिनं ठेवला होता अगदी तसाच.

ती बर्फातच खाली बसली. सकाळपासून कोंडलेला श्वास हुंदक्यासारखा बाहेर पडला. तो आला नव्हता. तो कुठून येणार होता?

मग तिच्या मनात आलं, तर परवा लिहिलं कुणी?

मागे बर्फ करकरला. फाटकाबाहेर, तिच्याच गाडीच्या ताज्या चाकोऱ्यांवर, बेकेतची जीप उभी होती. बेकेतनं उलबोसिनचा दंड धरला होता. म्हातारीनं तो सोडवून घेतला आणि एकटीच चालत तळघराच्या तोंडाशी आली. आत तिनं पाहिलं नाही. सुनेकडे पाहिलं.

"त्याचं अक्षर मीच वळवलं होतं, सूनबाई," ती म्हणाली. "त्याचा हात हातात धरून."