उलटा वेढा

दुपारी भांडी आवरून बायको खोलीत आली, तर खुर्चीत बसलेल्या नवऱ्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या. ग्लोव्ह चढवण्याआधी बॉक्सर बांधतात, तशा.

हा माणूस एके काळी ठोसे खाऊनही हसत उभा राहायचा. त्या ठोशांनीच मेंदू कामातून गेलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. आता त्याला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नव्हतं.

"अहो, कोणी बांधल्या या?"

"सरांनी. दुसरं कोण बांधणार?"

सर म्हणजे त्याचे बॉक्सिंगचे कोच. अंगठ्याला असा उलटा वेढा फक्त तेच द्यायचे. चक्कर येतेय म्हटलं, तरी "एकच राउंड, काही होत नाही," म्हणत पाठीवर थाप मारायचे आणि त्याला परत रिंगमध्ये ढकलायचे. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

तिने पट्ट्या सोडल्या. आतून त्या घामाने ओल्या होत्या. तिने त्या अंगणात नेऊन जाळल्या.

दुसऱ्या दुपारी दाराला कडी घालून ती त्याच्यासमोर बसली आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. "बघतेच, कोण येतंय ते!"

ऊन कललं. कोणीच आलं नाही. त्याच्या हातांना पट्ट्या नव्हत्या. तिने सुटकेचा श्वास सोडला.

मग तिला जाणवलं, आपली बोटं वळत नाहीयेत. तिने खाली पाहिलं. पट्ट्या तिच्या हातांना होत्या. अंगठ्याला उलटा वेढा होता.

नवरा तिच्या खांद्यामागे बघून हसला.

"घाबरू नकोस गं. एकच राउंड."

आणि तिच्या पाठीवर थाप पडली.