शामच्या नावाची नळी

सोमवारी सकाळी अकरा वाजता शाम राठोडच्या नळीत बाईचं रक्त निघालं.

निकाल यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात प्रेरणा वानखडेच्या संगणकावर उघडला होता. रक्त कुणाचं, तेही लगेच कळलं. शामची थोरली बहीण लालीबाई हिच्या नळीतलं आणि हे, एकच. सख्ख्या भावंडांतही इतकं साम्य नसतं. प्रेरणा संख्याशास्त्रज्ञ. कॅन्सर घराण्यातून कसा उतरतो, याच्या अभ्यासातलं सगळं गणित तिच्याकडे. तिने ते पुन्हा मांडलं. उत्तर बदललं नाही. शामच्या माहितीतही खटकण्यासारखं काही नव्हतं: आई छातीच्या कॅन्सरने गेलेली, स्वतःला मोठा आजार कधीच नाही.

"एकाच हातातून दोन नळ्या भरल्या," विभागप्रमुख म्हणाले. "अक्षयला विचारा. खरं निघालं तर त्याला ठेवता येणार नाही."

अक्षय कंत्राटी तंत्रज्ञ होता, दोन मुलींचा बाप. अभ्यासासाठी तांड्यावर भरवलेल्या शिबिरात रक्त त्यानेच घेतलं होतं.

"पोरींची शपथ मॅडम. दोन माणसं, दोन सुया. चला तांड्यावर. शामभाऊ तोंडावर सांगतीन."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर सुई सोडतो अन् ढाणकीत पानटपरी टाकतो. उद्घाटनाले तुम्हालेच बोलावतो."

दुसऱ्या दिवशी प्रेरणाच्या गाडीने दोघं ढाणकीपुढच्या तांड्यावर पोचले. लालीबाई नवरा वारल्यापासून माहेरीच राहायची. ती कापूस वेचायला गेली होती. शाम गोठ्यात होता. त्याच्या बायकोने, ममताने, चहा ठेवला. शेजारची म्हातारी मानीबाई ओट्यावर येऊन बसलीच.

"रक्तवाल्या बाई आल्या काय? मंग आमच्या या सुनेचंबी पाहा. लग्नाले सहा वर्षं झाले, घरात पाळणा नाही."

ममताने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मानीबाई उठून गेल्यावर मात्र ती कप उचलता उचलता थांबली.

"दिसते काय मॅडम, रक्तात? माह्यात काय कमी हाय ते?"

"आमचा अभ्यास वेगळा आहे हो."

"सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागते. नणंदबाई तेवढ्या कधी टोचत नाहीत. उलट माह्यासाठी रडतात."

शाम हात धुऊन आला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. प्रेरणाने सरळ विचारलं.

"शिबिरात अक्षयने तुमचं रक्त घेतलं होतं का?"

"काहून?"

"तुमच्या नळीत तुमच्या बहिणीचं रक्त आहे."

शामने दाराकडे पाहिलं. दारात ममता उभी होती.

अक्षय हसला. "सांगा ना भाऊ. लोकं सुई पाहून तोंड फिरवतात, तुम्ही तर स्वतःच शीर दाखवली. मी म्हटलंबी, तुम्ही तर सवयीचे दिसता. आठोते ना?"

शाम खाली मान घालून बोलला. "नाही घेतलं."

"काय?"

"माहं नाही घेतलं. मले वावरात जायची घाई होती. यानं लालीबाईच्याच हातातून दोन नळ्या भरल्या."

अक्षयचा चेहरा उतरला. "काहून खोटं बोलून राह्यले भाऊ? माहं पोट हाय त्याच्यावर."

शामने सदऱ्याची बाही खाली ओढली.

"मग आत्ता द्या," प्रेरणा म्हणाली. "मी समोर उभी राहते."

"आता नाही. आमचं नावच काढून टाका मॅडम."

तो आत गेला. ममता त्याच्यामागे गेली.

गणित जे सांगत होतं, तेच आता माणूसही सांगत होता. प्रेरणाने अंगणातूनच विभागप्रमुखांना फोन लावला. बोलणं लांबलं नाही. मग ती अक्षयकडे वळली. "उद्यापासून येऊ नकोस."

अक्षयने गळ्यातलं ओळखपत्र काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं.

"चल, यवतमाळपर्यंत सोडते."

"नको मॅडम. तुमच्या गाडीत खोटा माणूस कायले?"

तो ढाणकीच्या रस्त्याने पायी निघाला. प्रेरणाने बॉनेटवरचं ओळखपत्र उचलून गाडीत ठेवलं. मग तिने गाडी वळवली.

तांड्याबाहेरच्या वळणावर एका बाईने हात केला. डोक्यावर कापसाचं गाठोडं. लालीबाई.

"तो सुईवाला रडत चालला होता. बोललाबी नाही. काय झालं मॅडम?"

प्रेरणाने झालं ते सांगितलं. नळ्या, शामचं म्हणणं, अक्षयची नोकरी.

लालीबाईने गाठोडं खाली ठेवलं. तांड्याकडे वळून पाहिलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"ममता समोर होती काय?"

"होती."

लालीबाईने पदर सारला आणि कमरेच्या हाडावर बोट ठेवलं.

"इथून काढलं होतं, मुंबईले. याच्या आतलं. शाम एकोणीस वर्षांचा होता, रक्ताचा कॅन्सर. माहं त्याले चढवलं तवा तो जगला. तवापासून त्याच्या अंगात माह्यंच रक्त बनते. त्या पोरानं काही खोटं केलं नाही मॅडम. पण हे ममताले ठाऊक नाही, तिले कळू देऊ नका. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं, पोरगा वाचंन, पण या औषधांनी याले लेकरू होणार नाही."